सहाशे अठ्ठावन्न अक्षरं

मे महिना. पारा सेहेचाळीस.
कॉम्प्युटर वीस, चालू चौदा,
कूलरच्या वाळ्याचा ओला वास
आणि मी, तासिका तत्त्वावरचा मास्तर,
मुलांना सांगतोय : घाबरू नका,
ही एक मोठी कोठी आहे.
कुलूप नाही, फी नाही, ओळखपत्र विचारत नाही कुणी.
जगभरच्या लोकांनी आपल्या हाती लागलेल्या जिवांची
अक्षरं इथे आणून ठेवलीत.
वर रिकामी चौकट दिसते ना?
तिच्यात नाव लिहा.

अस्मित गजभिये लिहितो, एक अक्षर गाळतो.
“सर, काहीच नाही म्हणून राहिलं.”
आहे रे. फक्त या कोठीला
चुकलेलं स्पेलिंग समजून घ्यायची सवय नाही.

नाझनीन नुसतंच ‘शिंपला’ टाकते इंग्रजीत,
आणि तिच्यासमोर नोंदी कोसळतात
कळमन्यात संत्र्यांचा ट्रक उलटावा तशा.
मग चाळण लावायची : कोणता जीव, कोणता जीन,
लांबी किती.
चाळत चाळत मुठीएवढ्यावर यायचं.

रोशनी उईके शेवटच्या रांगेत,
एंटर अडकणाऱ्या कीबोर्डवर.
ती काही विचारत नाही, म्हणून मीच जातो.
तिच्या पडद्यावर एकच नोंद उरलेली.
दोन अक्षरं, सहा आकडे.
हा नंबर वहीत लिही, म्हणालो.
जिवाचं नाव विद्वान लोक बदलतात,
नंबर तोच राहतो.

आधी बाणाच्या टोकासारखी एक खूण,
तिच्यापुढे ओळख,
मग खाली ए टी जी सी, ए टी जी सी,
कुठे स्वल्पविराम नाही, श्वास नाही,
सहाशे अठ्ठावन्न अक्षरं.
मध्येच एक एन.
“हे काय, सर?”
जिथे यंत्राला वाचता आलं नाही
तिथे ते एन लिहितं.
न कळलेलं, न कळलेलं म्हणून लिहायचं.
मला ही रीत आवडते.
आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला जमलेली नाही.

नुसती अक्षरं उचलू नको, वर जा,
कुठून आलं, कधी, कुणी आणलं, तेही वाच.
ती बोट ठेवून वाचते :
भारत. नागपूर. अंबाझरी.
मग थांबते.
“गोळा करणारा, एन. पचारे.
सर, आपले पचारे काका तर नाही?”

पचारे तेव्हा कूलरमध्ये बादली ओतत होते.

“मीच नं बाप्पा.
त्या वाघाडे मॅडम होत्या, पीएचडीवाल्या.
त्याइले पोहता येत नव्हतं, मंग मी उतरलो.
गाळात पाय घातला का समजते शिंपला कुठी हाय,
बापानं शिकोलं होतं.
तेरा काढले. मॅडमनं चहा पाजला, नाव लिवून घेतलं.
मले वाटलं, व्हाउचरसाठी.”

अकरा वर्षं.
कुठल्या कुठल्या देशात कुणीकुणी ती नोंद उघडली असेल,
आणि पडद्यापासून बारा पावलांवर
हा माणूस रोज पाणी भरत होता.

रोशनी खुर्ची सरकवते.
“राहू दे पोरी, पँट वली हाय,” म्हणत
ते उभ्यानेच वाकतात.
“हे सारं त्या शिंपल्यात लिवलं होतं?”
हा एवढासा तुकडा आहे, काका.
“आन हे?”
ते एन. वाचता नाही आलं.
“तेवढं पान्यातच राह्यलं असन.”

मी फळ्याकडे वळतो, उरलेलं सांगून टाकतो :
आता उतरवून घ्या. साधी मजकुराची फाइल,
वर्डमध्ये उघडू नका,
आणि तिचं नाव ‘नवीन एक’ ठेवू नका.
उद्या तुम्हालाच सापडणार नाही.

मागे कुणी ऐकत नाहीये.
रोशनीने विचारलंय, गाळात पाय कसा ठेवायचा,
आणि पचारे चप्पल काढून
कोरड्या फरशीवर, डोळे मिटून,
अंगठ्याने चाचपत
दाखवतायत.